प्रथिनाची एक घडी आणि सिकलसेलचा प्रश्न



आजच्या विषयाच्या नावात ‘प्रथिनाची घडी’ हे शब्द वाचून पुष्कळांच्या मनात आले असेल की, आज प्रयोगशाळेतले काहीतरी रुक्ष ऐकावे लागणार. तसे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका घराच्या उंबरठ्यावर क्षणभर उभे राहू.

सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातले कोणतेही एक गाव घ्या. तेथे एक मूल जन्माला येते. सिकलसेलचा दोष त्याला आईकडूनही आला आहे आणि बापाकडूनही आला आहे. तरी मूल चांगले गुटगुटीत असते. ते अंगावर पिते, हसते, पालथे पडू लागते. पाच-सहा महिने असे सुखाचे जातात. पुढे एके दिवशी त्याच्या हातापायांची बोटे सुजतात, हात लावला की ते किंचाळते, अंगात ताप भरतो, चेहरा पांढुरका दिसू लागतो. मग घरात कारणाचा शोध सुरू होतो. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते बाहेरचे वारे लागले, आणि बहुधा शेवटी आईच्या खाण्यापिण्यावर आणि तिच्या पायगुणावर गोष्ट येऊन थांबते.

आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, दोष तर मूल गर्भात असल्यापासूनच त्याच्या प्रत्येक पेशीत होता. तो काल-परवा आलेला नाही. मग हा शत्रू घरात असूनही सहा महिने गप्प का बसला? त्याला कोणी आवरून धरले होते, आणि त्या राखणदाराने मग पाठ का फिरवली? हाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. त्याचा धागा १९४८ साली प्रथम हाती आला, आणि तो ज्या एका लहानशा घडीपर्यंत जाऊन पोचतो तिची ओळख २०२० साली पटली. या बहात्तर वर्षांची हकिकत मी सांगणार आहे, कारण तिच्यात औषधाची आशा आहे आणि त्या आईची निर्दोष सुटकाही आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकावयास आलेल्या एका तरुणाच्या रक्तात लांबट, वाकड्या, विळ्याच्या पात्यासारख्या तांबड्या पेशी पाहिल्याची हकिकत प्रसिद्ध केली. विळ्याला इंग्रजीत ‘सिकल’ म्हणतात, त्यावरून रोगाला नाव पडले. धान कापणाऱ्या आपल्या लोकांना हा आकार समजावून सांगायची गरज नाही. निरोगी तांबडी पेशी गोल, मऊ आणि लवचीक असते. केसाहून बारीक रक्तवाहिनीतून ती अंग मुडपून सहज निघून जाते. विळ्याच्या आकाराची पेशी ताठ असते. ती अडकते, तिच्यामागे दुसरी अडकते, आणि पुढच्या भागाला रक्त पोचेनासे होते. असह्य वेदना होतात त्या यामुळे. शिवाय निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा ते वीस दिवसांतच फुटते. पांढुरकेपणा येतो तो यामुळे.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष पेशीत असलेल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या रेणूतच आहे. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत सापडल्याचे हे पहिले उदाहरण होय. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमके ठिकाण दाखवले. हिमोग्लोबिनात चार साखळ्या असतात. दोन आल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने ओवलेली असतात. त्यांतले सहावे ग्लुटामिक आम्ल असावयास हवे, तेथे व्हॅलिन येऊन बसते. १४६ मण्यांच्या माळेत एकच मणी बदलला! पण त्या बदललेल्या मण्यामुळे एक रेणू शेजारच्या रेणूला चिकटतो, प्राणवायू कमी झाला की त्यांचे लांब दोर वळले जातात, आणि ते दोर पेशीला आतून ताणून विळ्याचा आकार देतात.

आपल्या देशात हा दोष असल्याचे १९५२ साली प्रथम नीलगिरीतील आदिवासींच्या तपासणीत दिसले. १९५८ साली नागपूरच्या संशोधकांनी मध्य भारतातही तो असल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हापासून विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्हे, म्हणजे भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर आणि १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आपला गोंदिया, या रोगाच्या नकाशावर आहेत. आदिवासी समाजांत, अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास समाजांतही तो आढळतो. काही गटांत शंभरांतले वीस जण दोषाचे वाहक निघाले आहेत. यात कोणाच्या कुळाला किंवा जातीला कमीपणा नाही, हे येथेच सांगून ठेवतो. १९५४ साली ए. सी. अॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवले की, ज्याच्यात असा एकच दोष असतो त्याला हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे रान, पाणी आणि डास, तेथे पिढ्यान्पिढ्या हे संरक्षण उपयोगी पडले, म्हणून दोष टिकून राहिला. आपल्या पूर्वजांना हिवतापातून ज्याने तारले, तेच आज दोन्ही बाजूंनी एकत्र आले म्हणजे नातवंडांना छळते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये बालरोगांचे काम करणाऱ्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरीणबाईंनी एक साधे निरीक्षण नोंदवले. सिकलसेल असलेल्या आईचे रक्त विळ्याचा आकार घेते, पण तिच्या नवजात बाळाच्या पेशी तो आकार सहसा घेत नाहीत. त्यांनी तर्क केला की, बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले निराळे हिमोग्लोबिन असते, तेच त्याचे रक्षण करीत असावे. हा तर्क अगदी खरा ठरला. गर्भात असताना बाळाचे शरीर बीटा साखळीऐवजी गॅमा नावाची साखळी वापरते. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यास ती अधिक समर्थ असते. या गॅमा साखळीचे हिमोग्लोबिन विळ्याच्या त्या दोरात ओवले जात नाही, उलट दोर वळण्यात अडथळा आणते. जन्मवेळी बाळाच्या रक्तात सुमारे तीन-चतुर्थांश हिमोग्लोबिन हेच असते. पुढे ते उतरत जाते आणि बीटा साखळी तिची जागा घेते. निरोगी मुलात हा खांदेपालट कोणाला कळतही नाही. ज्याची बीटा साखळीच सदोष आहे, त्या मुलाच्या बाबतीत मात्र राखणदार पाठमोरा होतो आणि चोर पुढे येतो.

परंतु गॅमा साखळीचे जनुक काही नष्ट झालेले नसते. ते प्रत्येक माणसात, म्हाताऱ्यातसुद्धा, शाबूत असते. फक्त त्याला कुलूप लागलेले असते. म्हणजे श्रोतेहो, या रोगाचे औषध रोग्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्याच पेटीत पडलेले आहे. ही पेटी कोण बंद करतो, आणि जन्मापूर्वी ती उघडी कोण ठेवतो, एवढेच शोधायचे राहिले होते.

येथे आपल्याला पेशीचा कारभार थोडा समजून घेतला पाहिजे. आपण सर्वांनी तहसील कचेरी पाहिलेली आहे. मूळ दस्तऐवज अभिलेख कक्षाबाहेर जात नाही. काम असले की त्याची नक्कल मिळते, आणि त्या नकलेवर पुढची कामे चालतात. पेशीतही तसेच आहे. डी. एन. ए. हा मूळ दस्तऐवज केंद्रकात सांभाळून ठेवलेला असतो. त्यातील हव्या त्या जनुकाची नक्कल उतरली जाते. या नकलेला आर. एन. ए. म्हणतात. ती केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या कारखान्यात जाते. तेथे तिच्यावरची अक्षरे वाचून एकेक अमिनो आम्ल जोडले जाते आणि प्रथिन तयार होते. आर. एन. ए.ची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे. ए, सी, जी आणि यू. सिकलसेलच्या रोग्यात ‘जीएजी’ या शब्दाऐवजी ‘जीयूजी’ असे उतरते. रोग म्हणतात तो एवढ्या एका अक्षराचा.

बरीच वर्षे अशी समजूत होती की, नक्कल उतरली म्हणजे काम झालेच. पण कचेरीचा अनुभव असलेला कोणीही माणूस या समजुतीला हसेल. नक्कल निघाली तरी ती कोणाच्या टेबलावर किती दिवस राहणार, कोण तिच्यावर शेरा मारणार आणि कोण ती दाबून ठेवणार, यावर सारे अवलंबून असते. पेशीतही असे कारकून आहेत. आर. एन. ए.ला धरणारी ही प्रथिने होत. माणसाच्या शरीरात त्यांचे दीड हजारांहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत. कोणी नक्कल कातरून नीटनेटकी करतो, कोणी ती योग्य जागी पोचवतो, कोणी जुनी झाली म्हणून फाडून टाकतो, आणि कोणी तिच्यावर हात ठेवून ‘अजून नाही’ म्हणतो.

हा कारकून नक्कल धरतो कशी? त्याला डोळे नाहीत. मग हजारो कागदांतून आपला कागद तो ओळखतो कसा? याचे उत्तर त्याच्या घडीत आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पण ती माळ सुतासारखी मोकळी पडून राहत नाही. तयार होताच तिचे भाग आपसूक दुमडतात आणि त्यांना ठरावीक आकार येतो. माळेचा जो तुकडा स्वतःच्या बळावर असा आकार घेतो आणि एखादे ठरावीक काम करतो, त्याला मी ‘घडी’ म्हणतो. एका प्रथिनात अशा दोन-तीन घड्या असू शकतात. निसर्ग मोठा काटकसरी आहे. एकदा जमलेली घडी तो शेकडो प्रथिनांत पुन्हा पुन्हा वापरतो.

आपल्याला आज ज्या घडीशी काम आहे तिचा शोध एका जंतूत लागला. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू उबेतून एकदम गारठ्यात नेला, तर तो काही विशिष्ट प्रथिने भराभर तयार करू लागतो. थंडीत आर. एन. ए.च्या गुंत्या पडतात, त्या ही प्रथिने सोडवतात. म्हणून या घडीला ‘शीताघात-घडी’ असे नाव पडले. तीच घडी, किरकोळ फरकाने, माणसातही आहे. ज्याला कधी गारठ्याचा धक्का बसत नाही अशा आपल्या पेशीतही निसर्गाने ती आर. एन. ए. धरण्याच्या कामाला लावली आहे.

ही घडी जेमतेम सत्तर अमिनो आम्लांची असते. आपल्याकडे तेंदूच्या एका पुड्यात सत्तर पाने बांधतात, तेवढीच ही गणती. या माळेच्या पाच सरळ पट्ट्या होतात. त्या एकीशेजारी एक अशा उलटसुलट लागतात आणि सगळ्यांची मिळून एक पिंपासारखी नळी बनते. पिंपाच्या एका अंगाला काही अमिनो आम्लांची सपाट कडी बाहेर डोकावतात. फेनिलअॅलॅनिन आणि ट्रिप्टोफॅन यांची ती कडी असतात. आर. एन. ए.ची अक्षरेही सपाटच असतात. पुड्यातल्या पानावर पान बसावे तसे अक्षर त्या सपाट कड्यावर चपखल बसते. शिवाय कडेचे अणू अक्षराच्या कडेशी हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी जोडले जातात. हे बंध योग्य अक्षराशीच नीट जुळतात. कारकुनाचे ‘वाचणे’ म्हणजे हे असे बोटांनी चाचपून वाचणे आहे. आंधळा माणूस उठावाची अक्षरे वाचतो, त्यातलाच हा प्रकार.

आता ज्या मानवी प्रथिनात ही घडी आहे आणि ज्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध आहे, त्याचे नाव लिन-२८-बी. या नावाचीही एक गंमत आहे. ते एका कृमीवरून आले आहे. मिलिमीटरभर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या एका कृमीवर काम करीत असताना व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी १९८४ साली दाखवले की, काही जनुके बिघडली की कृमीच्या वाढीचे वेळापत्रकच चुकते. लिन-२८ हे जनुक निकामी झाले तर कृमी बालपणाची एक पायरी गाळूनच पुढे जातो. म्हणजे हे जनुक बालपण राखणारे आहे. पुढे गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत लेट-७ नावाचा अवघ्या बावीस-एक अक्षरांचा चिमुकला आर. एन. ए. सापडला. त्याचे काम उलट, कृमीला प्रौढ करण्याचे. अशा चिमुकल्या आर. एन. ए.च्या शोधाबद्दल अॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिन-२८ हा लेट-७ला तयार होऊ देत नाही, हे २००८ साली सस्तन प्राण्यांच्या पेशींत सिद्ध झाले. कृमीपासून माणसापर्यंत बालपण आणि प्रौढपण यांची ही ओढाताण एकच आहे.

२०११ साली बोस्टन येथे युनसन नाम, पिओत्र स्लिझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिन-२८ हे प्रथिन लेट-७च्या तुकड्याला धरून ठेवताना कसे दिसते, याचे क्ष-किरणांच्या साहाय्याने चित्र काढले. ते उंदराच्या प्रथिनाचे होते, पण माणसाच्या प्रथिनाची रचनाही तशीच आहे. चित्रात दिसले की, हे प्रथिन दोन हातांनी काम करते. एक हात म्हणजे आपली शीताघात-घडी. आर. एन. ए.चा जो भाग फासासारखा वळलेला असतो, त्या वळणाला ती आपल्या सपाट कड्यांवर घेते. दुसरा हात म्हणजे जस्ताच्या दोन चिमुकल्या गाठी. प्रत्येक गाठीत तीन सिस्टिन आणि एक हिस्टिडिन अशी चार अमिनो आम्ले मिळून जस्ताचा एकच अणू धरतात, आणि त्या खिळ्याभोवती सारी गाठ उभी राहते. या गाठी ‘जीजीएजी’ ही चार अक्षरे नेमकी हुडकतात. दोन हातांमध्ये एक सैल दुवा असतो, त्यामुळे लहानमोठ्या आकाराचा आर. एन. ए. पकडता येतो. एका हाताने आकार चाचपावा आणि दुसऱ्याने अक्षरांची खातरजमा करावी, अशी ही दुहेरी तपासणी आहे. माणसाच्या लिन-२८-बी या प्रथिनाची सारी माळ २५० अमिनो आम्लांची. एवढ्याशा प्राण्याने केवढा कारभार चालवावा!

आता कुलपाची गोष्ट. गॅमा जनुकाला कुलूप लावणारा अधिकारी २००८ साली सापडला. त्याचे नाव बी. सी. एल. ११ ए. हेही एक प्रथिन आहे, पण ते आर. एन. ए.ऐवजी प्रत्यक्ष मूळ दस्तऐवजावर, म्हणजे डी. एन. ए.वर, गॅमा जनुकाच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसते आणि नक्कल देणे बंद करते. हा अधिकारी प्रौढ माणसात कामावर हजर असतो आणि गर्भात जवळजवळ नसतोच. गर्भात तो का नसतो? सोपे उत्तर असे वाटेल की, त्याच्या नेमणुकीचा हुकूमच तेव्हा निघालेला नसेल. पण तपासणीत निराळेच दिसले. हुकूम, म्हणजे या प्रथिनाचा आर. एन. ए., गर्भाच्या रक्तपेशींतही हजर होता. तो कारखान्यापर्यंत पोचलाही होता. बजावणी मात्र होत नव्हती. मध्ये कोणीतरी कागदावर हात ठेवला होता.

तो हात लिन-२८-बीचा, हे २०२० साली ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. हे प्रथिन गर्भाच्या रक्तपेशींत विपुल असते आणि प्रौढाच्या पेशींतून नाहीसे झालेले असते. अधिकारी नेमका याच्या उलट वागतो. लिन-२८-बी रायबोसोमला आणि बी. सी. एल. ११ ए.च्या आर. एन. ए.ला थेट धरते आणि त्याचे प्रथिन बनू देत नाही. यात लेट-७ची मध्यस्थीही लागत नाही. त्यापूर्वी २०१३ सालीच असे दिसले होते की, प्रौढ माणसाच्या रक्तपेशी प्रयोगशाळेत वाढवताना त्यांत लिन-२८-बी पुन्हा घातले, तर त्या गर्भातल्यासारखे हिमोग्लोबिन करू लागतात.

सगळी साखळी आता जुळवून पाहू. गर्भात लिन-२८-बी हा कारकून कामावर आहे. तो अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा हुकूम दाबून ठेवतो. अधिकारी रुजू होत नाही, म्हणून गॅमाची पेटी उघडी राहते आणि बाळ सुरक्षित असते. जन्माच्या आगेमागे हा कारकून निवृत्त होतो. हुकूम बजावला जातो, अधिकारी खुर्चीवर येतो, पेटीला कुलूप लागते. जुन्या पेशी संपत जातात, नव्या पेशी नव्या हिमोग्लोबिनाच्या येतात, आणि पाच-सहा महिन्यांत बोटे सुजतात. त्या घरातल्या आईने काय खाल्ले, कोणाची दृष्ट लागली, याचा यात कोठेही संबंध नाही. हे वेळापत्रक प्रत्येक माणसाच्या शरीरात आहे. तुमच्याआमच्या बाळपणीही हा खांदेपालट झाला, फक्त आपली बीटा साखळी निर्दोष होती म्हणून आपल्याला कळले नाही.

कोणी विचारील, हे सारे कळून आमच्या जिल्ह्याला काय मिळाले? विचारणे योग्य आहे. पहिली गोष्ट अशी की, गर्भातले हिमोग्लोबिन थोडे जरी अधिक राहिले तरी रोग सौम्य होतो. भारतातल्या पुष्कळ रोग्यांत ते आफ्रिकेतल्या रोग्यांपेक्षा जात्याच अधिक असते, आणि तरीही विदर्भात तीव्र दुखण्याची मुले पुष्कळ आढळतात. हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी गोळी हे हिमोग्लोबिन वाढवते. अमेरिकेत तिला १९९८ साली प्रौढ रोग्यांसाठी मान्यता मिळाली. आपल्या नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीराच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेनेही तीव्र दुखणे असलेल्या मुलांची दुखणी कमी झाल्याचे दिसले. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीने, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायची असते, हे येथे सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट, २०२३ च्या अखेरीस इंग्लंड आणि अमेरिकेत एका नव्या उपचाराला मान्यता मिळाली. रोग्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या डी. एन. ए.त बी. सी. एल. ११ ए.ला रक्तपेशीत चालना देणारा जो तुकडा आहे तो कापून निकामी करायचा, आणि पेशी परत शरीरात सोडायच्या. अधिकाऱ्याची रक्तखात्यातली खुर्चीच काढून घेतली, की पेटी पुन्हा उघडते. उपचार खरा आहे. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. त्यात तीव्र औषधांनी मज्जा रिकामी करावी लागते, म्हणून मोठे रुग्णालयही हवे. धानाच्या बांधीत राबणाऱ्या बापाला हा आकडा ऐकवणे म्हणजे चंद्र दाखवण्यासारखे आहे.

म्हणूनच ही लहानशी घडी महत्त्वाची. कोणता कागद, कोठे आणि कोणत्या अक्षरांवर धरला जातो हे कळले, तर तो हुकूम पुन्हा दाबून ठेवणारी साधी गोळी घडवता येईल काय, हा विचार शास्त्रज्ञांना करता येतो. मोह असा होईल की, लिन-२८-बीलाच परत कामावर बोलवावे. पण तसे सरसकट करणे धोक्याचे आहे. बालपण राखणारे हे प्रथिन प्रौढाच्या शरीरात भलत्या जागी जागे झाले की पेशी वाढतच सुटतात. यकृताच्या आणि इतर काही कर्करोगांत ते वाढलेले आढळते. तेव्हा कारकुनाला सगळ्या कचेरीच्या किल्ल्या न देता त्याचे एवढे एकच काम करून घ्यायचे आहे. त्यासाठी घडीतले एकेक कडे आणि एकेक बंध माहीत असणे अवश्य आहे. रचनेचे ज्ञान हे पंडितांचे कौतुक नव्हे, ते औषधाचे मोजमाप आहे.

ती गोळी येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हाती काय आहे? आपल्या हाती रक्ताचा एक थेंब आहे. विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे, तिला काही मिनिटे लागतात. ती दोषाची चाहूल देते. मग माणूस वाहक आहे की रोगी, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम तपासणीत कळते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन करावे, असा त्याचा संकल्प आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. साधने जवळ आली आहेत. उणीव आहे ती मोकळेपणाची.

वाहक हा रोगी नव्हे. त्याची शेती, नोकरी, संसार सर्व सामान्य माणसासारखे चालते. फक्त दोन वाहकांनी लग्न केले, तर प्रत्येक खेपेस मूल रोगी निघण्याची शक्यता चारांत एक असते. मूल निव्वळ वाहक असण्याची चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. लग्न जमवताना आपण मानपान पाहतो, पत्रिका पाहतो, शेतीचा सातबारा पाहतो. त्या कागदांत हा एक कागद ठेवायला काय हरकत आहे? पण कागद दिसला की मुलीकडचेच स्थळ मोडायचे आणि मुलाचा कागद मागायचाच नाही, ही रीत मात्र अन्यायाची आहे. दोष दोन्हीकडून आल्याशिवाय रोग होत नाही, हे इन्ग्रॅमच्या त्या सहाव्या मण्याइतकेच पक्के आहे. दोघे वाहक असतील तरी वाट बंद होत नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करता येते, आणि काय करायचे ते जाणत्या सल्ल्याने नवराबायकोने ठरवायचे असते.

आणि ज्या घरात मूल आजारी आहेच, तेथे दोष देण्यात एक दिवसही घालवू नये. जन्मतःच तपासणी झाली तर ते शांततेचे पाच-सहा महिने आपल्याला तयारीला मिळतात. मुलाला पाणी भरपूर पाजावे, गारठ्यापासून जपावे, लसी वेळेवर द्याव्यात, ताप आला की अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. एवढ्याने पुष्कळ मुले वाचतात. निसर्गाने लिन-२८-बीच्या हातून त्या बाळाला सहा महिन्यांची मुदत दिलेली असते. ही मुदत आपण झोपेत घालवायची की कामी लावायची, हे आपल्यावर आहे.

श्रोतेहो, सत्तर अमिनो आम्लांची एक घडी पाहता पाहता आपण कृमीपासून तहसील कचेरीपर्यंत आणि तेथून लग्नाच्या बोलणीपर्यंत येऊन पोचलो. शास्त्राचा मार्ग असाच असतो. तो लहानात लहान वस्तूत शिरतो आणि बाहेर पडतो तो माणसाच्या दाराशी. आज येथून घरी जाताना आपल्यापैकी ज्यांची तपासणी झालेली नाही, त्यांनी ती करून घेण्याचा आणि घरातल्या लग्नाळू मुलामुलींना सांगण्याचा निश्चय केला, तर आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे मी समजेन.